रंगीत आयसोपॉड घरी पाळायचेत? आधी पानं गोळा करा

आयसोपॉड (कुंडीखाली सापडतात तसले छोटे जीव) ऑर्डर करायच्या आधी एक काम करा. सोसायटीत बदामाचं झाड असेल तर त्याखालची वाळकी तांबडी पानं पिशवीभर गोळा करून आणा. वॉचमन विचित्र नजरेने बघेल, बघू दे. मी नेमकं उलटं केलं होतं, आधी प्राणी आले, मग डब्याची शोधाशोध, आणि पानांचं नंतर बघू म्हणून ठेवलं ते राहूनच गेलं. १२ आले होते, महिन्याभरात ३ उरले. आज पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझे पाच डबे आहेत आणि पिल्लं वाटूनही संपत नाहीत, पण सुरुवातीला जे पैसे आणि जे जीव गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

कुंडी उचलली की खालून जे करडे चपटे जीव इकडेतिकडे पळतात ते आयसोपॉड. आमच्या आईच्या भाषेत "ते कुंडीखालचे". दिसायला किडे, पण खानदान कोळंबी-खेकड्याचं, पाण्यातून जमिनीवर आलेले आणि इथेच राहिलेले. पायांच्या ७ जोड्या. श्वास घेतात पोटाखाली मागच्या बाजूला असलेल्या पातळ पापुद्र्यांनी, आणि ते पापुद्रे ओलसर असले तरच काम करतात. एवढं डोक्यात बसलं की निम्मं पालन आलंच, कारण डबा ठणठणीत कोरडा पडला तर ते गुदमरतात आणि सगळा चिखल करून ठेवलात तरी मरतात.

अजून एक घोळ होतो. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरताना हात लावला की गोळी होऊन बसणारा चकचकीत जीव दिसतो, आणि हौशी लोक तो आयसोपॉड समजून खिशात घालून आणतात. मोठा, गुळगुळीत आणि टणक असेल तर बहुतेक वेळा तो वाणी असतो, म्हणजे लांबड्या पैसा किड्याचा गोळी होणारा भाऊबंद. पाय मोजा, ७ जोड्यांच्या कितीतरी पुढे गेले तर वाणीच. त्याला जंगलातलाच पालापाचोळा लागतो, घरी आणलेले जगत नाहीत, आणि अभयारण्यातून काही उचलणं हा गुन्हाही आहे. तिथेच ठेवा.

१. सामान जमवा, बहुतेक आसपासच मिळेल

- झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, ५-६ लिटरचा, शक्यतो आरपार दिसणारा
- कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची वीट (नर्सरीत मिळते)
- वाळकी पानं आणि कुजलेलं लाकूड
- मूठभर स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, हेही नर्सरीतच, ऑर्किडवाल्यांकडे नक्की
- अंड्याची टरफलं, किंवा समुद्रफेस. पक्ष्यांच्या दुकानात कटलबोन म्हणून मिळतो तोच हा, काष्ठौषधींच्या दुकानातही असतो
- स्प्रेची बाटली, जिच्यात आधी फिनेल, कोलीन असलं काहीही भरलेलं नव्हतं अशी
- मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, सोल्डरिंग गन किंवा तापवलेला खिळा
- मऊ पेंटिंग ब्रश आणि जुना चमचा, प्राणी उचलायला

हीटर, थर्मोस्टॅट, हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर यातलं काही पुण्या-मुंबईत लागत नाही. परदेशी व्हिडिओ बघून मी हीट मॅट मागवली होती, आता तिच्यावर आई इडलीचं पीठ आंबवते थंडीत.

२. पानं आणि लाकूड, इथे वेळ द्या

पानं म्हणजे सजावट नव्हे, पानं म्हणजे जेवण. गाजर, काकडी वगैरे वरचा खाऊ झाला, रोजची पोळीभाजी म्हणजे कुजत आलेली पानं आणि लाकूड. परदेशातले लोक ओकची पानं सांगतात, ती आपल्याकडे शोधत बसू नका. देशी बदामाची उत्तम, कारण ती मोठी असतात, लवकर मऊ पडतात आणि शहरात कुठेही मिळतात. फणस, आंबा, पिंपळ, साग हेही चालतं. माझ्याकडे फणसाची पानं सगळ्यात हळू संपतात, खाल्ली की नुसत्या शिरांची जाळी उरते, काय सुंदर दिसते ती, मी दोन-चार वहीत ठेवलीत.

कडुनिंब, निलगिरी, कण्हेर, सुरू नको. कडुनिंब तर आपण धान्यात किडे होऊ नयेत म्हणून घालतो, मग इथे काय होणार सांगायला नको. रस्त्याच्या अगदी कडेची धूळ-धूर खाल्लेली पानंही टाळा, आणि ज्या बागेत फवारणी होते तिथली तर अजिबात नको, माळ्याला विचारून घ्या.

झाडावरून तोडलेली हिरवी पानं घेऊ नका, आपोआप गळलेली तपकिरीच हवीत. घरी आणून झटकायची, दोन-तीन दिवस कडक उन्हात घालायची, मग पिशवीत भरून दोन दिवस फ्रीजरमध्ये. यात कोळी, माइट (कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव), गोगलगायीची अंडी असलं बहुतेक सगळं मरतं. काहीजण उकळतात, चालतं, फक्त मग नीट निथळून घ्या. फ्रीजरवरून घरात वाद होणार हे गृहीत धरा आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा.

लाकूड असं हवं की बोटाने दाबलं तर भुसा व्हावा, पांढरट, हलकं. पावसाळ्यात पडलेल्या आंब्याच्या फांद्या वर्ष-दोन वर्षांनी अशा होतात. फर्निचरवाल्याचा भुसा नको, त्यात प्लायवूडचा गोंद आणि पॉलिश असतं.

३. डबा

झाकणाला नव्हे, समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडा, एका बाजूला जरा वर, दुसऱ्या बाजूला जरा खाली, म्हणजे हवा खेळते. भोकांवर आतून जाळी चिकटवा आणि गोंद पूर्ण वाळू द्या, एक दिवस वास जाऊ द्या. झाकण घट्ट बसणारं असावं, हे गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढू शकत नाहीत पण कोपऱ्यात गोंदाची रेघ असेल तर तिच्यावरून चढतात, माझा एक गडी शेजारच्या शूरॅकमध्ये सापडला होता.

४. आतला थर

कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. मग घट्ट पिळून ३ भाग कोकोपीट, १ भाग पालापाचोळ्याचं जुनं खत, १ भाग चुरलेलं कुजकं लाकूड आणि मूठभर मिक्सरमधून काढलेली टरफलं. हे सगळं चार बोटं खोल. नुसत्या कोकोपीटवर ठेवू नका, बऱ्याच नवख्यांचं इथेच चुकतं, कारण दिसायला मातीसारखं दिसतं पण त्यात खाण्यासारखं जवळजवळ काही नसतं.

वर पानांचा जाड थर, चांगला दोन इंच, कंजूषी नको. एका कोपऱ्यात ओलं मॉस, दुसऱ्या टोकाला झाडाच्या सालीचा तुकडा उपडा. झाला बंगला.

डबा तयार झाला की त्यात स्प्रिंगटेल सोडा, हे मिलिमीटरभर लांबीचे पांढरे उड्या मारणारे जीव बुरशी खातात, म्हणजे तुमचे सफाई कामगार. विकत मिळतात, नाहीतर ओलसर कुंडीतल्या वाळक्या पानाखाली बघा, तिथेही असतात. वेगळे वाढवायचे तर बरणीत ओला कोळसा आणि वर तांदळाचे चार दाणे, बास. मग दहा-बारा दिवस डबा तसाच राहू द्या. पांढरी बुरशी येईल, घाबरू नका, येऊन जाते.

५. कुठला घ्यायचा

फुकटात शिकायचं असेल तर कुंडीखालचे करडे दहा-बारा पकडा आणि महिनाभर सांभाळून दाखवा. ते जगले तर पैसे खर्च करा. हा सल्ला कोणालाच आवडत नाही, मला माहितीये.

विकतचे घ्यायचे तर पहिला पावडर ऑरेंज. शास्त्रीय नाव पोर्सेलिओनायडीज प्रुइनोसस, मूळचा भूमध्य समुद्राकडचा पण जगभर पसरलेला, उकाडा सहन करतो, भराभर वाढतो. अंगावर पावडर लावल्यासारखी मखमली छटा असते, बोटाने धरलात तर ती पुसली जाते आणि खालचं चकचकीत अंग दिसतं, म्हणून ब्रशनेच उचला. गोळी होत नाही, सुसाट पळतो. पावडर ब्लू हा त्याचाच भाऊ.

गोळी होणारा हवा असेल तर क्युबारिस म्युरिना, त्यातला पपया नावाचा रंग खरंच पिकल्या पपईच्या फोडीसारखा असतो. उष्ण प्रदेशातलाच असल्याने आपल्या हवेत खूश. डेअरी काऊ म्हणजे पोर्सेलिओ लेविस, पांढऱ्यावर काळे ठिपके, मोठा आणि प्रचंड खादाड, डब्यात बोट घातलं तर ते चावून बघायलाही कमी करत नाही. झेब्रा म्हणजे आर्माडिलिडियम मॅक्युलाटम, दक्षिण फ्रान्सचा, काळ्यावर फिकट पट्टे, देखणा, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याच्यासाठी थंड जागा शोधावी लागते. नागपूर-चंद्रपूरकरांनी तो सोडूनच द्यावा.

आणि रबर डकी. तोंड बदकाच्या पिल्लासारखं पिवळं, थायलंडच्या चुनखडीच्या गुहांकडचा, फोटो बघून सगळे त्याच्यावरच भाळतात. महाग, हळू वाढणारा, पिल्लं मोजकी. पहिला डबा म्हणून घेऊ नका हो.

घेताना विकणाऱ्याला विचारा की इथेच घरी वाढवलेले आहेत का, आणि आत्ता काय खातायत. परदेशातून कोणी गुपचूप पार्सल पाठवतो म्हणाला तर नको म्हणा, बाहेरून जिवंत प्राणी आणायला सरकारी परवानगी लागते आणि ती त्या पार्सलला नसते. घ्यायचे तर एकाच रंगाचे दहा-बारा. नर-मादी ओळखायच्या भानगडीत पडू नका, एवढ्यात दोन्ही निघतातच.

६. घरी आल्यावर

पार्सलमधला मॉस, पानं सगळ्यासकट डब्यात हलकेच ठेवा, ते आपापले बाहेर येतील. मग आठवडाभर उकरायचं नाही. मी रोज रात्री टॉर्च घेऊन पानं बाजूला करून मोजायचो, आज ११ दिसले, आज १० च दिसले, बायको म्हणाली तू बँकेत आहेस का. हे लाजाळू प्राणी आहेत, दिसत नाहीत म्हणजे बरे आहेत असं समजा.

७. पाणी, इथेच जास्त मरतात

एका टोकाला मॉस आहे ना, तेवढा एक तृतीयांश भाग ओला ठेवायचा. उरलेला भाग खाली किंचित दमट, वर कोरडा. तहान लागली तर ते इकडे येतात, फार ओल वाटली तर तिकडे जातात, आपण ठरवायचं नाही, त्यांना ठरवू द्यायचं. माझे पहिले ९ गेले ते उपाशी तर होतेच, पण मी प्रेमाने रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या डब्यावर स्प्रे मारत होतो, भोकं होती फक्त झाकणाला चार, आणि महिना होता जुलै. पाचव्या-सहाव्या दिवसापासून झाकण उघडलं की गटारासारखा वास. चांगल्या डब्याला पहिल्या पावसानंतरच्या जंगलाचा वास येतो, वेगळा वास आला की समजा बिघडलं, ओली माती काढा, वारा लागू द्या.

नळाचं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून वापरा. किती वेळा टाकायचं याला आकडा नाही, मॉसला बोट लावा, स्पंज पिळून ठेवल्यासारखा लागला तर राहू द्या.

८. खाणं

पानं कायम हवीतच. त्यावर आठवड्यातून एक-दोनदा नखाएवढी गाजर, दुधी, भोपळ्याची चकती, साल काढून, कारण बाजारातल्या भाजीवर फवारा असतो. दीड-दोन दिवसांत उरलेलं उचलायचं, नाहीतर बुरशी आणि चिलटं.

प्रोटीन आठवड्यातून एकदा, आणि यासाठी जवळ्यासारखं दुसरं काही नाही. धुऊन खारटपणा काढायचा, वाळवायचा, चिमूटभर टाकायचा. नात्यातलाच प्राणी खातायत असं मनात येतं, पण त्यांना काही वाटत नाही. प्रोटीन कमी पडलं तर नुकतीच कात टाकलेल्या मऊ अंगाच्या भावंडांना कुरतडतात, डेअरी काऊ तर हमखास. शाकाहारी घरात जवळा चालणार नसेल तर माशांचं कोरडं खाद्य वापरा, अर्थात त्यातही मासळीच असते, ते तुमचं तुम्ही बघा.

समुद्रफेसाचा तुकडा कोरड्या बाजूला कायम ठेवायचा. कवच बनायला कॅल्शियम लागतं.

९. कात आणि पिल्लं

एक दिवस तुम्हाला अर्धा केशरी, अर्धा पांढुरका असा प्राणी दिसेल आणि वाटेल की नवीन रंग सापडला. मलाही वाटलं होतं, फोटोसुद्धा काढले. ती कात असते. आयसोपॉड कात दोन टप्प्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, मग दिवस-दोन दिवसांनी पुढचा. एकदा डब्याच्या कडेलाच बघायला मिळालं, मागची मंडळी मोकळी झाली, पँट काढावी तशी, आणि मग वळून तीच पँट सावकाश खाऊन टाकली. कॅल्शियम वाया घालवत नाहीत. या काळात डबा हलवू नका.

मादी अंडी मातीत घालत नाही. तिच्या छातीखाली पाण्याने भरलेली पिशवी असते, अंडी त्यात फुटतात आणि पिल्लं त्यातच काही दिवस राहतात. मादीला ब्रशने आरपार डबीत घेऊन खालून बघा, छातीखाली फुगीर पिवळट भाग दिसला तर पोटुशी आहे. साधारण महिनाभर, गारठ्यात जास्त. पिल्लं बाहेर येतात तेव्हा साखरेच्या दाण्याहून लहान, पांढरी, आणि पायांच्या फक्त ६ जोड्या, सातवी कात टाकल्यावर येते. मॉस उचललं की खाली पांढरे ठिपके सरकताना दिसतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी त्यांना माइट समजून अर्धा मॉस फेकून दिला होता. तुम्ही फेकू नका, आधी भिंगातून बघा. आयसोपॉडच्या पिल्लाचं अंग लांबट आणि खापाखापांचं, माइट गोल ठिपका.

पिल्लं दिसायला लागली की मातीला हात लावायचा नाही, वरून पानं वाढवत राहायचं. ओला कोपरा या काळात कोरडा पडू देऊ नका, मोठे दोन दिवस काढतील, पिल्लं नाही. पावडर ऑरेंजचा डबा चार-पाच महिन्यांत असा भरतो की पान उचललं की सगळं खाली हलतं.

१०. रंग जपायचा तर मिसळू नका

ऑरेंज आणि ब्लू एकत्र ठेवले तर छान दिसतील असं वाटतं. दिसतात, पण पिल्लं पुढे बहुतेक करड्या-निळ्या मूळ रंगावर जातात. वेगळ्या जाती एका डब्यात ठेवल्या तर संकर होत नाही पण भराभर वाढणारी जात दुसरीला उपाशी मारते. एक डबा, एक रंग. वेगळा एखादा निघाला तर तो काढून दुसऱ्या डब्यात, आणि ब्रश, चमचा धुऊन मगच पुढच्या डब्याला लावा, पिल्लं ब्रशला चिकटून जातात.

११. मे आणि जुलै

मेमध्ये डबा जमिनीवर ठेवा, कपाटाच्या वर किंवा फ्रिजवर नाही. आमच्याकडे माठाशेजारची फरशी ठरलेली आहे. खिडकीत अजिबात नको, आरपार डब्यात ऊन शिरलं तर अर्ध्या तासात खेळ खलास. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जवळपास बंद आणि हवा जास्त.

१२. घात करणाऱ्या गोष्टी

सोसायटीचं पेस्ट कंट्रोल. नोटीस लागली की डबे त्या दिवशी मित्राकडे. झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, मच्छरांची वडी हे सगळं त्या खोलीतून हद्दपार. झुरळाला मारतं ते यांना आधी मारतं.

मुंग्या लागल्या तर औषध नाही, दुधाचं पातेलं ठेवतो तसं परातीत पाणी घालून त्यात डबा उंच ठेवा.

आणि निळा रंग. करड्या किंवा ऑरेंज डब्यात एखादा चमकदार निळा-जांभळा दिसला तर खूश होऊ नका, तो विषाणूचा आजार आहे, असे प्राणी दिवसाउजेडी बाहेर भटकतात आणि काही दिवसांत मरतात. दिसल्या दिसल्या वेगळा करा आणि त्या डब्यातलं काही कोणाला देऊ नका. पावडर ब्लूचा निळा मळकट, धुरकट असतो, या निळ्यावर मोरपिसाची चमक असते, एकदा पाहिलं की फरक कळतो.

१३. जास्त झाले तर

बागेत, टेकडीवर सोडू नका, बाहेरच्या जाती आहेत. मित्रांना द्या, बेडूक-सरडे पाळणारे किंवा काचेच्या बरणीत झाडं लावून टेरारियम करणारे आनंदाने घेतात. पाठवायचे तर छोट्या डबीत पिळलेला मॉस आणि वर पानं गच्च भरा, म्हणजे प्रवासात हिंदकळणार नाहीत, पाण्याचा थेंबही मोकळा नको. कुरियर सोमवारी करा, शनिवारी केलं तर रविवारभर गोदामात पडून राहतं. एप्रिल-मेमध्ये पाठवूच नका, घ्यायला या म्हणावं, आणि येताना पिशवीभर बदामाची पानं घेऊन या.